नसलेलं पिल्लू

बोझतोबे गावात कुआन्दिकला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्याला 'क्रौंचआगा' म्हणत. आगा म्हणजे दादा. त्याच्याहून वयानं मोठे असलेले म्हातारेही तसंच म्हणत, आणि त्यात थोडी थट्टा असायची, थोडा मान असायचा. एकटी बिकेन त्याला 'काठी' म्हणायची. ती त्याच्या थोरल्या चुलतभावाची बायको. दिराचं नाव नव्या नवरीनं तोंडात आणायचं नाही, म्हणून लग्न होऊन आली त्याच दिवशी तिनं रीतीप्रमाणे त्याला टोपणनाव ठेवलं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, उंच आणि हाडं वर आलेला. पुढे चाळीस वर्षांत तो चांगला अंगानं भरला, पण बिकेनच्या तोंडी काठी ती काठीच राहिली.

आधी तो सरकारी शेतावर ट्रॅक्टर चालवायचा. ते शेत मोडलं, आणि कुआन्दिक शिकारखात्यात तळ्यांचा रखवालदार झाला. तोर्गायच्या माळावरची सात तळी त्याच्या हाताखाली. शिकाऱ्यांचे परवाने बघायचे, वणवा दिसला की कळवायचं, मोटरसायकलवरून दिवसभर धूळ खायची. पक्ष्यांचं त्याला तसं काही पडलेलं नव्हतं. बदक खायचं आणि हंस मारायचा नाही, एवढंच त्याला ठाऊक.

सत्त्याण्णव सालच्या सप्टेंबरात लिदिया पाव्लोव्ना त्याच्या घरी येऊन उतरली. शहरातल्या संस्थेत पक्ष्यांचा अभ्यास करणारी रशियन बाई. बुटकी, पायात पुरुषी बूट, तोंडात सदा सिगारेट. उत्तरेच्या दलदलीतून दक्षिणेकडे निघालेला पांढरा क्रौंच याच माळावर चार दिवस टेकतो, असं तिचं म्हणणं. दहा दिवस दोघं माळ तुडवत होते. अकराव्या सकाळी कुमिसकोल तळ्यावर, राखी क्रौंचांच्या शेदीडशेच्या थव्यात, पाच पांढरे दिसले.

"हंस आहेत," कुआन्दिक म्हणाला.

तिनं त्याची बाही इतकी घट्ट धरली की मनगटावरचं बटण तुटलं. "गाढवा," ती कुजबुजली, "या बाजूला येणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच उरलेत जगात. पूर्वी त्यातले काही पार हिंदुस्तानात जायचे. त्यातले पाच तुझ्या तळ्यावर चरतायत, आणि तू त्यांना हंस म्हणतोस!"

त्या दिवशी त्यानं दुर्बिणीतून पहिल्यांदा नीट पाहिलं. लाल तोंड, लालसर पाय, आणि पंख उघडले की टोकं काळी कुळकुळीत. उडाले तेव्हा ते ओरडले. राखी क्रौंच ओरडतो तो खरखरीत. हा आवाज बासरीसारखा स्वच्छ होता. कुआन्दिक तळ्याकाठी उभा राहिला तो ते दिसेनासे होईपर्यंत हललाच नाही.

जाताना लिदिया पाव्लोव्नानं त्याला एक जाड वही दिली आणि बजावलं, "उडताना मान सरळ, पंखांची टोकं काळी, आवाज स्वच्छ. तिन्ही पटलं तर लिही. दोनच पटलं तर 'माहीत नाही' लिही. 'माहीत नाही' लिहायला लाजायचं नाही, कळलं?"

हे त्यानं असं काही अंगी बाणवलं की गावाला त्याचा जाचच होऊ लागला. कुणालाही माळावर पांढरं काही दिसलं की तो सांगायला याच्याकडे येई, आणि हा फौजदारासारखी उलटतपासणी घेई. गुरांच्या डॉक्टरला दिसलेला क्रौंच बगळा निघाला. मुल्लांच्या बायकोला दिसलेला तर बोरूच्या बेटात अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी निघाला, आणि ती गोष्ट वर्षभर प्रत्येक लग्नात रंगवून सांगितली गेली. लोक हसत, पण क्रौंचआगानं लिहिलं म्हणजे ते खरं, हे सगळ्यांना मान्य होतं. शहरातल्या संस्थेतही मान्य होतं. ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाचं नाव शास्त्रज्ञांच्या अहवालात छापून यायचं. तो अहवाल त्याच्या बायकोनं, रिस्तीनं, चांगल्या कपबशांच्या कपाटात ठेवला होता.

पाचाचे तीन झाले. मग दोन. मग एका शरदात एकच आला, आणि त्यानंतर आठ वर्षं कुणीच नाही.

आठ वर्षं कुआन्दिक दर सप्टेंबरात माळावर जात राहिला. लिदिया पाव्लोव्ना निवृत्त झाली, तिचे गुडघे गेले, ती यायची थांबली. पण दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. "आला?" एवढंच विचारायची. "नाही," हा सांगायचा. गावात आता थट्टा वाढली होती. पुतण्याच्या लग्नात रिस्तीचा भाऊ सेर्केबाय पेला उंचावून सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या मेव्हण्यांसारखी नोकरी मिळाली पाहिजे बुवा. जो पक्षी येतच नाही त्याची वाट बघायची, आणि वर नाव छापून घ्यायचं!" मंडप हसला. कुआन्दिकही हसला. पण जेवणं उरकायच्या आधीच तो रिस्तीला घेऊन घरी निघाला.

त्यानंतरच्या सप्टेंबरातली गोष्ट. रविवार होता. पहाटे कुमिसकोलच्या पलीकडच्या काठावर त्याला काहीतरी पांढरं दिसलं होतं. अंतर फार, धुकं, आणि दुर्बीण लावेपर्यंत ते बोरूत गेलं. तासभर थांबून तो घरी आला. बगळाच असणार, त्याचं त्यालाही ठाऊक होतं. रिस्तीनं चहा ओतला, ताटात कणकेचे तळलेले गरम बाउर्साक ठेवले, आणि फोन वाजला.

लिदिया पाव्लोव्नाचा आवाज त्याला ओळखूच आला नाही, इतका बारीक झाला होता. ती इस्पितळातून बोलत होती. पोटात काहीतरी वाढलंय, डॉक्टर आता कापाकापी करायची नाही म्हणतात, असं तिनं हवापाणी सांगावं तसं सांगितलं. मग विचारलं, "आला?"

कुआन्दिक म्हणाला, "आला."

मग ती म्हणाली, "किती?"

"दोन." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, त्याच्या तोंडून निघालं, "आणि एक पिल्लू."

पुढे कितीतरी वर्षं तो याच ठिकाणी अडून बसायचा. आला म्हटलं, ते एक वेळ समजण्यासारखं होतं. मरणाऱ्या बाईला कुणीही म्हटलं असतं. दोन म्हटले, तेही असो. पण पिल्लू कशाला? ते तर त्यानं स्वतःसाठीच घातलं होतं. नुसता आला म्हटल्यापेक्षा पिल्लू आलं ही बातमी मोठी, आणि मोठ्या बातमीचा धनी व्हावंसं त्याला त्या क्षणी वाटलं होतं.

लिदिया पाव्लोव्ना रडत होती. त्यानं फोन ठेवला तेव्हा रिस्ती ताट हातात घेऊन तशीच उभी होती.

"मला नाही बोललात काही?" ती म्हणाली.

"आत्ताच तर बघून येतोय."

रिस्तीनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ताट खाली ठेवून ती आत निघून गेली.

ही बातमी लिदिया पाव्लोव्नापाशीच राहील असं त्याला वाटलं होतं. पण ती पक्ष्यांपायी आयुष्य घालवलेली बाई. इस्पितळाच्या खाटेवरून तिनं लागलीच संस्थेत फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या जागेवर आलेली झानेर्के दारात हजर. तिशीची, चष्मेवाली, सहा तास गाडी हाकून आलेली, तरी चेहऱ्यावर थकवा नाही.

"आगा, पिल्लू! पश्चिमेकडच्या थव्यात पिल्लू!" तिनं दारातच त्याचे दोन्ही हात धरले. "तुम्ही नसतं पाहिलं तर मी मानलंही नसतं."

त्या क्षणी सांगता आलं असतं. मोटारीचा दरवाजा अजून उघडा होता. पण तिच्यामागे गावची चारदोन माणसं जमली होती, त्यात सेर्केबायही होता, आणि तो म्हणत होता, "मानलं मेव्हणे, मानलं!"

कुमिसकोलवर दहा दिवस शिकारबंदी लागली. बंदीची फळी कुआन्दिकनंच ठोकली. परवाने घेऊन आलेले शिकारी कुरकुरले तेव्हा त्यांना त्यानंच सांगितलं, "ताल्दिकोलला जा. वीस कोस नाही की काही नाही. तिथं हंस-बगळे सोडून हवे तेवढे पक्षी मारा." झानेर्के कुमिसकोलच्या काठावर चिखलात गुडघे टेकून ठसे मोजत होती. "हे त्यांचेच असतील, नाही आगा?" तिनं विचारलं. "असतील," तो म्हणाला. ते राखी क्रौंचांचे होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळी चहाला बसलेली असताना बिकेन घोड्यावरून आली. तिचा नवरा वारून दहा वर्षं झाली होती. ताल्दिकोलच्या काठी तिचा उन्हाळी तळ होता, तिथं ती एकटी घोड्या दोहायची. तिनं कुमिसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कातडी पिशवी रिस्तीच्या हातात दिली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "काठी, तुझा पांढरा माझ्या दारात आलाय. चार दिवस झाले. एकटाच आहे. आज सकाळपासून तिकडे बंदुका वाजतायत, तेव्हा ऊठ, चल."

झानेर्केनं पेला खाली ठेवला. "चार दिवस? एकटा?"

कुआन्दिकला काय करायचं ते एका श्वासात सुचायला हवं होतं. चार दिवस म्हणजे त्याच्या खोट्याच्या आदल्या दिवसापासून. एकटा म्हणजे जोडीदार कुठे, पिल्लू कुठे? झानेर्के हुशार होती. ती ताल्दिकोलला गेली की हिशेब जुळणार नव्हता.

"मान कशी होती?" त्यानं बिकेनला विचारलं.

"सरळ. भाल्यासारखी."

"पंखांची टोकं?"

"कोळशात बुडवल्यासारखी. आणि तोंड लाल. आणि ओरडतो तो असा." आणि त्या म्हातारीनं मान वर करून आवाज काढून दाखवला. इतका हुबेहूब, की कुआन्दिकच्या अंगावर काटा आला.

तो म्हणाला, "बगळा आहे तो, झेंगे."

वहिनीला झेंगे म्हणतात. हा शब्द त्यानं मुद्दाम गोड करून उच्चारला, जसा वेडगळ माणसाशी बोलताना करतात. सेर्केबाय फिस्कन हसला आणि म्हणाला, "मुल्लांच्या बायकोची पिशवी उडत उडत ताल्दिकोलला गेली वाटतं!"

बिकेन लाल झाली. "चाळीस वर्षं मी त्या तळ्यावर घोड्या दोहतेय. मला बगळा कळत नाही?"

"लांबून फसायला होतं," कुआन्दिक म्हणाला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. साखरेचा खडा चहात घोळवत राहिला.

झानेर्के क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, "आपा, आगा म्हणतात म्हणजे तसंच असेल. आगांची नजर चुकत नाही."

बिकेननं चहा घेतला नाही.

दोन दिवसांनी ती परत आली, भर दुपारी. या वेळी घोड्याला लगाम धरून चालत. खोगिरावर तिची जाड लोकरी शाल होती, आणि शालीत काहीतरी गुंडाळलेलं. अंगणात झानेर्के नकाशा पसरून बसली होती. बिकेननं शाल जमिनीवर ठेवून उघडली.

छातीत छर्रे लागले होते. लाल तोंड धुळीनं मळलं होतं. एक पंख उलगडला गेला, त्याची काळी टोकं जमिनीवर पसरली.

"सकाळपर्यंत जिवंत होता," ती म्हणाली. "मी मांडीवर घेऊन बसले होते. पाणी पाजलं, पीत नव्हता." मग ती त्याच्याकडे वळली. "कुआन्दिक, हा बगळा आहे का ते बघून सांग."

तिच्या तोंडून स्वतःचं नाव त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. रिस्ती दारातून बघत होती. तिनं डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून घेतला.

कुणाची बंदूक होती ते कधी कळलं नाही. पंधरा-वीस जण होते, जो तो म्हणाला मी हंसावर झाडलीच नाही.

झानेर्के पक्ष्याजवळ बसून खूप वेळ रडली. कुआन्दिकला वाटलं आता ती विचारेल. पण ती डोळे पुसून उठली आणि म्हणाली, "म्हणजे जोडी फुटली. नर इकडे भरकटला. आगा, मादी आणि पिल्लू अजून बोरूतच असणार! पिल्लाला एकटं टाकून मादी जाणार नाही. चला, शोधू या."

तिला त्याच्यावर इतका विश्वास होता की खोटं तिच्या मनात शिरायलाच जागा नव्हती.

ते कुमिसकोलवर शोधायला निघाले. झानेर्के, कुआन्दिक, आणि गावातले आणखी दोघे. आदल्या दिवशी थंडी पडली होती, पाण्याच्या कडेला काचेसारखा पापुद्रा धरला होता. झानेर्के कमरेइतक्या पाण्यात बोरू बाजूला सारत पुढे जायची, थांबायची, आणि पिल्लू शीळ घालतं तशी बारीक शीळ घालायची. मग कान देऊन उभी राहायची. संध्याकाळी ती काठावर आली तेव्हा तिचे ओठ निळे झाले होते. रिस्तीनं तिला मेंढीचा गरम रस्सा पाजला, पायांना चरबी चोळली. कुआन्दिक तिच्यासमोर बसून जेवू शकला नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी झानेर्केला खोकला लागला होता, तरी ती पाण्यातच. एका बेटाच्या आड तिनं शीळ घातली, आणि कुठूनतरी दुरून शीळ आली. ती गर्रकन वळली. तिचा चेहरा असा उजळला होता की कुआन्दिकनं डोळे मिटून घेतले. ती पाणकोंबडी होती.

"झानेर्के," तो म्हणाला. "बाहेर ये."

"थांबा आगा, त्या पलीकडच्या बेटात—"

"बाहेर ये, पोरी. पिल्लू नाही."

"सापडेल आगा. तुम्हीच असं म्हणालात तर—"

"नाही सापडणार. पिल्लू नव्हतंच. काहीच नव्हतं. मी काही पाहिलं नव्हतं."

ती पाण्यात उभी राहिली. दोघे गावकरी थोड्या अंतरावर होते, त्यांनीही ऐकलं. मग ती सावकाश काठावर आली, दगडावर बसली, एक बूट काढून त्यातलं पाणी ओतलं, मग दुसरा काढून त्यातलं ओतलं. कुआन्दिक वाट बघत होता की ती ओरडेल, शिव्या देईल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बिकेन आपांचा पक्षी खरा आहे हे तुम्हाला त्या दिवशी चहाच्या वेळीच कळलं होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि शिकारी तिकडे आहेत, हेही?"

"मीच पाठवले होते."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "आणि दोन हजार एक सालचे तीन?"

"ते खरे आहेत."

"आणि दोन हजार सहाचे दोन?"

"खरे. आईशपथ खरे."

"मी कसं मानू, आगा?" तिनं हे रागानं विचारलं नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

त्याच्या वहीतल्या वीस वर्षांच्या नोंदींपैकी लिदिया पाव्लोव्ना स्वतः सोबत असतानाच्या तेवढ्या राहिल्या. बाकीच्यांपुढे संस्थेनं 'शंकास्पद' लिहिलं. त्यानं राजीनामा दिला, तो कुणी परत घे म्हणालं नाही.

पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर लोक मशिदीबाहेर उभे असताना तो पुढे झाला आणि सगळं सांगून टाकलं. बिकेननं क्रौंचच पाहिला होता, मी खोटा होतो, माझ्यामुळे तो मेला. लोकांनी खाली पाहिलं. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "झालं ते झालं, जा घरी." तेवढ्यानं लाज फिटेल असं कुआन्दिकला वाटलं होतं. उलट आता ती गावभर झाली. मुलं त्याला बघून कुजबुजत. 'क्रौंचआगा' म्हणणं लोकांनी आपसूक सोडून दिलं.

मग तो बसनं शहरात गेला. लिदिया पाव्लोव्ना खिडकीशी पडली होती, उशीवर मुठीएवढं तोंड. झानेर्केनं तिला काही कळवलं नव्हतं. कुआन्दिकला पाहताच ती हसली आणि म्हणाली, "बस. आधी सांग, पिल्लाचा रंग कसा होता? दालचिनीसारखा की विटकरी?"

त्यानं येताना अकरा तास मनात शब्द जुळवले होते. ते सगळे गेले. "पिल्लू नव्हतं, लिदिया पाव्लोव्ना," तो म्हणाला. आणि मग राहिलेलं सांगितलं, मेलेल्या पक्ष्यासकट.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझ्यासाठी बोललास?"

"आधी तुमच्यासाठी. मग माझ्यासाठी."

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. "जा आता," ती म्हणाली. तो थोडा वेळ उभा राहिला, पण ती पुन्हा वळली नाही. डिसेंबरात ती गेली. तिला सांगितलं ते बरोबर केलं की तेही स्वतःचं ओझं उतरवायला केलं, हे कुआन्दिकला कधीच ठरवता आलं नाही.

तळ्यांची नोंद झानेर्केनं बिकेनवर सोपवली. बिकेनला लिहिता फारसं येत नव्हतं. ती फोनवर सांगायची आणि झानेर्के लिहून घ्यायची. कुआन्दिकनं मेंढरं घेतली आणि ती हिंडवू लागला. बिकेनच्या तळावर तो पडेल ते काम करून यायचा, कुंपण दुरुस्त कर, गवत रच. ती करू द्यायची. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि त्यानं विचारलंही नाही.

चार वर्षांनी, एप्रिलातल्या एका सकाळी, बर्फ वितळून साचलेल्या एका पाणथळीवर त्याला पांढरा क्रौंच दिसला. दोनशे पावलांवर. सूर्य पाठीशी होता. पक्ष्यानं एकदा पंख झटकले, एकदा ओरडला, आणि चिखलात चोच खुपसून कसलासा कंद उपटून खाऊ लागला. कुआन्दिकच्या खिशात फोन होता, पण त्यावर फोटो निघत नव्हता. मेंढरं तशीच सोडून तो घोड्यावर बसला आणि बिकेनच्या तळाकडे दौडत सुटला.

ती बाहेर कुर्त, म्हणजे दह्याचे खारट गोळे, वाळत घालत होती. त्याचा चेहरा बघताच तिनं हात पुसले आणि घोडा सोडला. दोघं परत आली तेव्हा पाणथळ रिकामी होती. मेंढरं कडेनं चरत होती. चिखलात पावलांचे ठसे होते, पण त्यावरून मेंढरं गेली होती, कशाचे ते सांगता येण्यासारखं राहिलं नव्हतं.

बिकेननं घोड्यावरूनच वाकून ते पाहिले. "मला दिसला नाही," ती म्हणाली. "मी झानेर्केला काही सांगणार नाही."

"नकोच सांगूस."

ती घोडा वळवून म्हणाली, "मेंढरं आण तळावर. चहा पिऊन जा."

तो मेंढरं गोळा करायला खाली उतरला.